बत्तिसावं नाव

खारआळी, ४ जानेवारी २०२६

चि. विनेश भोपी यास,

आशीर्वाद. तू पाचवीत माझ्या वर्गात होतास म्हणून आशीर्वाद आधी, तक्रार नंतर.

१ डिसेंबरपासून आपल्या आळीतलं तुझं इंटरनेट रोज संध्याकाळी बंद पडतं आणि आठ वाजून गेल्यावर आपोआप येतं. दिवसभर ठणठणीत असतं. कुणाला नको तेव्हा चालतं आणि सगळ्यांना हवं तेव्हा मान टाकतं. मी दूधवाल्या ठमीच्या हाती तुला चार निरोप धाडले. चारही वेळा "बघतो" असं उत्तर आलं. तुझं बघणं सुरू होऊन महिना झाला.

माझी गरज एका तासाची आहे. फोन मी संध्याकाळी सात ते आठ एवढाच चालू ठेवते. बाकीचा दिवस माझा आहे. या तासात माझा फैझान दोहाहून फोन करतो. तिथे साडेचारला त्याची ड्यूटी सुटते आणि कॅम्पची बस येईपर्यंत तो मोकळा असतो. नऊ वर्षं हा नेम चालला. ऑक्टोबरात आमचं जरा वाजलं. तरी नोव्हेंबरभर तो फोन करत होता. कमी बोलायचा, पण करायचा. डिसेंबरपासून एकही नाही.

आता तो करत नाही, की करतो आणि तुझ्या तारेमुळे पोचत नाही, हे मला कळायला मार्ग नाही. तेवढं मला कळायला हवं. मी स्वतः त्याला लावणार नाही. आई मी आहे. मोबाइलची रेंज आपल्याकडे विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच येते. सदुसष्टाव्या वर्षी मी कठड्यावर चढावं अशी तुझी इच्छा असेल, तर तसं लेखी कळव.

उत्तर ठमीकडे दे. "बघतो" चालणार नाही.

रेहाना हसवारे
निवृत्त मुख्याध्यापिका

•

काशीद नाका, ६ जानेवारी

हसवारे बाईंना विनेशचा नमस्कार.

पत्र मिळालं. मी शेवटचं पत्र लिहिलं ते तुमच्याच वर्गात, सहलीची परवानगी मागायला. तुम्ही दहापैकी चार दिले होते. तेव्हा सांभाळून घ्या.

बाई, मी खरंच बघत होतो हो. रोज संध्याकाळी यंत्रापुढे बसून बघतो. एकतीसच्या एकतीस घरं एकदम लाल होतात आणि मी बघतो. दुसरं काही करता येत नाही.

काय होतंय ते सांगतो. मुख्य यंत्र माझ्या दुकानात आहे. तिथून काचेची एकच तार आळीपर्यंत जाते आणि मशिदीसमोरच्या खांबावर तिला बत्तीस फांद्या फुटतात, घरटी एक. वरून खाली येताना भानगड नाही. सगळ्यांचं सगळ्यांकडे जातं, ज्या त्या घरातला वायफायचा डबा आपलं तेवढं उचलतो. घराकडून वर जाताना मात्र तार एकच. दोघं एकदम बोलले की दोघांचंही फुकट. म्हणून यंत्र हजेरी घेतं, तुम्ही घ्यायचात तशी. नंबर पुकारला की त्या घरानं बोलायचं आणि गप्प बसायचं. सेकंदाला हजारो वेळा ही हजेरी होते. शेवटच्या घराचा आवाज पोचायला किंचित उशीर लागतो, तोसुद्धा यंत्रानं मोजून ठेवलेला असतो. त्या बेतानं ते पुकारतं.

आता एखादा डबा बिघडला आणि आपला नंबर नसताना सारखा "हजर, हजर" ओरडत सुटला, तर बाकीच्या पोरांचं मास्तरला काही ऐकू येत नाही. मास्तर सगळ्यांचीच गैरहजेरी लावतो. आळीत तेच चाललंय.

ओरडणारा कोण ते माझ्या यंत्राला ओळखता येत नाही. महागाचं असतं तर आलं असतं. खांबावर एकेक तार सोडून बघावी, तर सगळ्या तारा वितळवून जोडलेल्या. तोडल्या की बत्तीस जोड नव्यानं करत बसायचं. तेव्हा उपाय एकच. संध्याकाळी एकेका घरानं पाळीपाळीनं आपला डबा बंद करायचा. ज्याचा बंद झाल्यावर लाइन सुधारेल तो चोर.

पण आळीत माझं ऐकतं कोण? विहिरीच्या पाळ्यांची वही तुमच्याकडे असते. तुम्ही पुकारलंत तर लोक ऐकतील. अर्धी आळी एक फेब्रुवारीपासून दुसऱ्या कंपनीकडे जाते म्हणतेय. गेली तर दुकानाला कुलूप. हे मी अजून घरी बायकोला, रचनालाही सांगितलेलं नाही.

बत्तिसावा नंबर हसवारे काकांचा होता. तो तुमच्या पत्रावरून ऑगस्टमध्ये बंद केला. माडीवर आता काही चालू नाही ना? सहज विचारतो.

तुमचा विद्यार्थी,
विनेश

•

खारआळी, ९ जानेवारी

चि. विनेश,

या वेळी सात देते. हजेरीचा दाखला बरा आहे.

माडी बंद आहे. तिथे कुणी जात नाही. मरहूमांनी वेगळं कनेक्शन का घेतलं होतं ते तुला ठाऊकच आहे. माझ्या कनेक्शनवर ते क्रिकेट बघायला लागले की फैझानचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी यायचा. मी बोलायची, ते आवाज वाढवायचे. शेवटी त्यांनी माडीवर आपलं राज्य वेगळं केलं. आमच्या बेचाळीस वर्षांच्या संसारातली ही एकमेव वाटणी. फैझानशी माझं वाजलं तेही त्या खोलीवरूनच. ती रिकामी करावी, जनी नाईक ठेवते तसे पैसे देणारे पाहुणे ठेवावेत, घरात माणसांचा आवाज राहील, असं त्याचं म्हणणं. अब्बांना जाऊन तीन महिने झालेले, मी इद्दतीच्या दुखवट्यात, आणि हा मला पलंगाची मापं विचारतो. मी फोन ठेवून दिला. असो. हे तुझ्या उपयोगाचं नाही.

पाळ्या मी पुकारीन. विहीर एक आणि वाड्या सात, हे गणित मी एकोणीस वर्षं सांभाळते आहे, तेव्हा तार एक आणि घरं एकतीस हेही जमेल. नियम विहिरीचेच राहतील. पाळी मोडून पंप लावणाऱ्याला काय दंड असतो, तुला माहीत आहे. प्रत्येक पाळीदाराच्या दारात स्वतः जाऊन एक शहाळं द्यायचं आणि तोंडाने कबूल करायचं. कुणाच्या हाती पाठवायचं नाही. हा नियम मीच लिहिलाय आणि गेल्या एकोणीस वर्षांत तिघांनी तो भोगलाय. ज्याचा डबा ओरडताना सापडेल त्याला हाच दंड. मुद्दाम ओरडला की बिघडून, ते मी ऐकणार नाही. पाणी गेलं म्हणजे गेलं.

शनिवार १७ तारीख ठरवते. संध्याकाळी सहापासून मी विहिरीपाशी उभी राहीन. शाळेची जुनी घंटा माझ्याकडे आहे. एक टोला पडला की पुढच्या घराने बंद करायचं, दुसऱ्या टोल्याला चालू.

रेहाना हसवारे

•

काशीद नाका, ११ जानेवारी

बाई, नमस्कार. शनिवार चालेल. मी यंत्रापुढे बसतो. घंटा इथपर्यंत ऐकू येणार नाही, पण तुमचा आवाज येईल.

विनेश

•

खारआळी, १८ जानेवारी

चि. विनेश,

विनोद कळला. दहातला एक गुण कापला आहे.

कालचा निकाल तुझ्या यंत्राने तुला सांगितलाच असेल. तरी माझ्या वहीत लिहिलंय ते कळवते. पहिली पाळी जनी नाईकची, कारण आळीत शिरताना पहिलं घर तिचं. सहा वाजून दहा मिनिटांनी टोला दिला. तिने डबा बंद केला, पाहुण्यांची पापलेटं तव्यावर होती म्हणून आत पळाली, आणि परत चालू करायचं विसरली. तिचा डबा साडेआठपर्यंत बंदच होता. बाकीच्यांनी आपापल्या पाळ्या नीट पाळल्या. दिवस मावळताच मगरिबची नमाज मी विहिरीजवळच्या ओट्यावर पढले आणि लगेच घंटेपाशी आले. साडेआठपर्यंत लाइन एकदाही पडली नाही. दीड महिन्यात पहिल्यांदाच.

जनीचा डबा बंद आणि आळी सुरळीत. यात आता विचारायचं काय राहिलं? आळी जमलेलीच होती, तिथेच मी निकाल दिला. जनी म्हणाली, "बाई, माझा डबा गरीब हाय वो, तो कुनाच्या वाटंला जात न्हाय." मी म्हटलं, डब्याला स्वभाव नसतो. लोक हसले. तिचं कनेक्शन नवा डबा येईपर्यंत बंद ठेव आणि शहाळ्यांचं तिला मी सांगितलंय.

अडीच तास उभी राहिल्याने माझा उजवा गुडघा सुजला आहे. अलिबागला बहिणीकडे जाते, तिथे डॉक्टर आहेत. बुधवारी दुपारपर्यंत परत येईन. फोन घरीच ठेवून जाते. बहिणीच्या देखत मुलाच्या फोनची वाट बघायची माझी तयारी नाही. आता लाइन बरी झाली आहे. बुधवारी सात वाजता काय ते कळेलच.

रेहाना हसवारे

•

काशीद नाका, २३ जानेवारी

बाईंना नमस्कार.

गुडघा कसा आहे? बातमी चांगली नाही, म्हणून आधी गुडघ्याचं विचारतो.

तुम्ही गेल्यावर रविवार, सोमवार, मंगळवार लाइन सोन्यासारखी चालली. नाक्यावर लोकांनी मला चहा पाजला. बुधवारी पावणेसातला परत सगळं लाल. आळी सरळ जनीकाकूंच्या अंगणात. म्हणे तू गुपचूप डबा लावलास. काकू म्हणाल्या, "लेकराची आन, मी बटनाला हात लावला न्हाय." कुणी ऐकेना. शेवटी काल मी सगळ्यांदेखत खांबावर चढून त्यांची तारच कापली. कापलेलं टोक लोकांना दाखवलं. पावणेसात झाले आणि परत सगळं लाल. मी खांबावरच होतो. खाली उतरावंसं वाटेना.

म्हणजे काकूंचा डबा निर्दोष. पण सव्वीस जानेवारीच्या सुट्टीसाठी त्यांच्या चार खोल्या ठरलेल्या होत्या, पुण्याची लॅपटॉपवाली मंडळी. वायफाय नाही म्हणून ती आता नागावला जाणार. आणि काकूंनी तेवीस घरी शहाळी वाटूनसुद्धा झाली होती. त्या मला जे बोलल्या ते लिहीत नाही, तुम्ही गुण कापाल.

मला काही सुचेनासं झालंय बाई.

विनेश

•

खारआळी, २४ जानेवारी

चि. विनेश,

गुडघा तसाच आहे.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस सात ते आठ मी फोन हातात घेऊन बसले होते. लाइन नाही हे कळत होतं, तरी बसले. माझ्या वयाच्या बाया मालिका बघत बसतात, मी काळा पडदा बघत बसते.

जनीचा निकाल मी घाईत दिला. एका संध्याकाळवरून. पाचवीच्या मुलाने एका उदाहरणावरून नियम सांगितला असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता. जनीकडे मी गेले होते. तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि एक शब्द बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता अंदाज पुरे. मला आकडे हवेत. १ डिसेंबरपासून रोज लाइन किती वाजून किती मिनिटांनी पडली, ते तुझ्या यंत्रात असेल ना? सगळं उतरवून पाठव. जवळपास, साधारण, असे शब्द नकोत.

रेहाना हसवारे

•

काशीद नाका, २७ जानेवारी

बाईंना नमस्कार.

सोबत तीन पानं जोडली आहेत. रचनानं बसून उतरवून काढली, अक्षर तिचं आहे म्हणून वाचता येईल. तिला आता सगळं सांगितलं. ती म्हणाली, हे दोन महिने पोटात ठेवून तुला जेवण कसं जात होतं.

उतरवताना एक गोष्ट दिसली. लाइन पडायची वेळ सरकते. १ डिसेंबरला सहा पंधरा. महिन्याच्या मध्यावर सहा एकोणीस. ५ जानेवारीला सहा एकतीस, १० तारखेला सहा चौतीस. २१ला सहा पंचेचाळीस, काल सहा सत्तेचाळीस. यायची वेळ सव्वाआठच्या आगेमागे. १७ ते २० जानेवारी हे चार दिवस सोडले तर एकही दिवस खाडा नाही.

मला वाटलं पंचायतीच्या रस्त्यावरच्या दिव्यांचा दोष. ते अंधार पडला की आपोआप लागतात ना? परवा पंचायतीकडून ते तासभर बंद ठेवून घेतले. लाइन पडायची तेव्हा पडलीच. वर अंधारात एक माणूस गटारात पडला. त्याचंही माझ्यावरच आलंय.

तुम्ही बघा. गणित तुमचं चांगलं.

विनेश

•

खारआळी, २९ जानेवारी, सकाळ

चि. विनेश,

हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. तुझे आकडे मला परवाच कळले होते.

माझ्या स्वयंपाकघरात मशिदीने छापलेलं नमाजच्या वेळांचं कॅलेंडर आहे. मी तुझी पानं त्याच्याखाली धरली आणि मगरिबची वेळ एकेका आकड्यातून वजा केली. १ डिसेंबरला चौदा मिनिटं उरली. पंधराला चौदा. ५ जानेवारीला पंधरा, १० तारखेला पंधरा. अलिबागहून परतल्यावर एकोणीस, नंतर अठरा. वजाबाकी तीनदा करून पाहिली.

मगरिबची नमाज पढायला मला आठेक मिनिटं लागतात. बाकीची माडीच्या एकोणीस पायऱ्या चढायला. गुडघा सुजला तशी चार मिनिटं वाढली.

मी तुला खोटं लिहिलं विनेश. माडीवर कुणी जात नाही, असं लिहिलं. मी जाते. रोज जाते. तिन्हीसांजेला घरात खोली अंधारी राहू नये, असं ते म्हणायचे आणि हातातलं काम टाकून स्वतः दिवा लावायला उठायचे. ते गेल्यावर माझी बहीण माझ्याजवळ होती, ती माडीवर शेजारच्या खोलीत झोपायची आणि तिथला दिवा तीच लावायची. तिने त्यांच्या खोलीला हात लावला नाही. ३० नोव्हेंबरला ती अलिबागला परत गेली. १ डिसेंबरला मगरिब झाली, सगळं घर गप्प होतं, आणि मला वर अंधार आहे हे सहन होईना. मी वर जाऊन त्यांच्या खोलीचं बटण दाबलं. रात्रीची इशाची नमाज पढून झाली की बंद करायला परत चढते. हे मी कुणाला सांगितलं नाही. शिकलेल्या बाईने असं करावं का, असं लोक म्हणतील म्हणून नाही. फैझान म्हणाला असता, एवढं आहे तर खोली कशाला ठेवतेस, म्हणून.

त्या खोलीत दिवा आणि भिंतीतला प्लग एकाच बटणावर आहेत. एक बटण वाचवलं म्हणून वायरमनला त्यांनी चहा पाजला होता. आज पहाटे मी कपाट सरकवून मागे पाहिलं. त्या प्लगात त्यांचा वायफायचा डबा अजून लावलेला आहे. त्याच्या पाठीत तुझी काचेची तारही आहे.

तेव्हा ओरडणारा सापडला. दोन महिने रोज संध्याकाळी एकोणीस पायऱ्या चढून मी आळीतल्या एकतीस घरांचं तोंड बंद करत होते, आणि मग खाली येऊन माझा मुलगा फोन करत नाही म्हणून बसत होते. जनीला मी सगळ्यांदेखत हसले. ज्या संध्याकाळी मी तिला चोर ठरवलं, त्या संध्याकाळी लाइन चालली ती मी घंटा वाजवत विहिरीपाशी होते म्हणून.

आज मी बटण दाबणार नाही. फोनही चालू करणार नाही. आधी तू येऊन तो डबा काढ. मला भीती वाटते, विनेश. इतके दिवस दोष द्यायला तुझी तार होती. लाइन नीट असून फोन वाजला नाही, तर मी काय करू?

रेहाना हसवारे

•

काशीद नाका, ३० जानेवारी

बाईंना साष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी एकही घर लाल झालं नाही. मी दुकानात एकटाच होतो. आनंद व्हायला हवा होता. पत्र खिशात होतं, त्यामुळे झाला नाही.

बाई, सगळं आपल्या अंगावर घेऊ नका. चोर मीपण आहे. बंद केलेला नंबर खरं तर गप्प बसतो, पुकारल्याशिवाय त्यानं बोलायचं नसतं. पण डबा जुना झाला की कधी आतला लेसर अडकतो आणि वीज मिळाली की पेटलेलाच राहतो. म्हणून नंबर बंद केला की डबा घरातून काढून आणायचा असतो. तो मी आणला नाही. ऑगस्टमध्ये तुमचं पत्र आलं तेव्हा मी आलो होतो. तुमच्या बहिणीनं दारात सांगितलं, इद्दत चालू आहे, परपुरुषाला आत येता येणार नाही. मी परत फिरलो. ते बरोबरच केलं. दुकानात आलो आणि नाक्यावरूनच नंबर बंद करून रजिस्टरमध्ये "डबा काढला" असं लिहिलं. ते चूक केलं. म्हटलं डिसेंबरात इद्दत संपली की जाऊन आणू. मग विसरलो. मग लाइन पडायला लागली आणि आठवलं. ६ तारखेला मी "सहज विचारतो" लिहिलं ना, ते सहज नव्हतं. तुम्ही माडी बंद आहे लिहिलंत, आणि बाई, मला इतकं हायसं वाटलं की मी पुढं विचारलंच नाही.

पाचवीत तुम्ही मला एकदाच छडी मारलीत. फैझान समुद्रावर पळाला होता आणि त्याची हजेरी मी दिली होती. "जो नाही त्याला आहे म्हणू नये, जो आहे त्याला नाही म्हणू नये," असं पाटीवर लिहून घेतलंत, पन्नास वेळा. फुकट गेलं.

उद्या दुपारी येतो. डबा काढतो आणि दिव्याचं बटण वेगळं करून देतो. दिवा तुम्ही लावत जा. कुणाच्या बापाचं काही जात नाही. जनीकाकूंची तार आज सकाळीच जोडली.

आणि फोन चालू करा. मी फैझानच्या शेजारी चार वर्षं एका बाकावर बसलोय. तो रुसतो. पण तो करतो.

विनेश

•

खारआळी, २ फेब्रुवारी

चि. विनेश,

शनिवारी तू गेल्यावर काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते. डबा काढताना तू एकदाही वर मान करून माझ्याकडे पाहिलं नाहीस, ते माझ्या लक्षात आहे.

मगरिब पढले. वर गेले, नव्या बटणाने दिवा लावला. खाली आले. सात वाजता फोन चालू केला. तो दोन मिनिटं नुसता थरथरत होता. मला वाटलं तोही बिघडला. मग पाहिलं. एकसष्ट मिस्ड कॉल. सगळे सात ते आठमधले. खाली बोललेले निरोपही होते, ते मी ऐकायला घेणार तोच फोन वाजला. सात वाजून सहा मिनिटं झाली होती.

मी उचलला. फैझानच होता. म्हणाला, "अम्मी? चालू केलास?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "मी रोज लावत होतो. मला वाटलं तू रागाने बंद करून ठेवतेस. म्हटलं ठेवू दे, आपण लावत राहायचं." त्याची बस येऊन गेली. तो दुसऱ्या बसने गेला. खोलीचं तो आता कधी बोलणार नाही म्हणाला. मी म्हटलं, बोल. इतकी वर्षं भांडण लागलं की आपण दोघं एकेकटे बसून वाट बघतो आणि दुसरा बोलत नाही म्हणतो, त्यापेक्षा बोललेलं बरं. मी खूप रडले, विनेश. आनंदाने आणि लाजेने, दोन्हीने. त्याला दिसलं असणार, चेहरा अगदी स्वच्छ येत होता.

काल सकाळपासून शहाळी वाटली. माझ्याच वाडीतली, तीस घरी तीस. ठमी टोपली घ्यायला आली होती, पण नियमाप्रमाणे प्रत्येक दारात मी स्वतः गेले आणि तोंडाने कबूल केलं. गुडघ्याला चार वेळा बसावं लागलं. लोक "राहू द्या बाई, तुम्ही कशाला" म्हणत होते. नियम मी त्यांच्यासाठी लिहिला तेव्हा कुणी राहू द्या म्हटलं नव्हतं. जनीकडे शेवटी गेले. तिला मी चोवीस दिली. एक नियमाचं, तेवीस तिने विनाकारण वाटली त्यांची भरपाई. तिने शहाळी मोजली, मग मला आत बसवलं आणि त्यातलंच एक फोडून मला दिलं. म्हणाली, "बाई, डब्याला सोभाव नसतो, पन मानसाला आसतो." आता पुन्हा बोलायला लागली आहे. थांबत नाही.

अर्धी आळी दुसरीकडे जाणार होती, तिचं मी प्रत्येक दारात शहाळ्याबरोबरच विचारून घेतलं. कुणी जात नाही. रचनाला सांग.

तुझ्या रजिस्टरचं आळीचं पान तू ठमीकडे पाठवलंस ते मिळालं. बत्तीस नावं आहेत. बत्तिसावं नाव, इस्माईल हसवारे, माडी. पुढे तुझ्या अक्षरात "डबा काढला, ऑगस्ट". हे खोडून खरी तारीख लिही, आणि पुन्हा असं करू नकोस. छडी मी आता मारू शकत नाही.

नाव मात्र मी काढलं आहे. शाळा सोडून गेलेल्या मुलाचं नाव हजेरीपटावरून लाल शाईने काढायचं असतं, एक सरळ रेघ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. चौतीस वर्षांत मी अशा कितीतरी रेघा मारल्या, हात कधी थांबला नाही. या एका रेघेला साडेसहा महिने लागले. थोडी वाकडी आली आहे. तशीच राहू दे.

पान सोबत परत पाठवते. बत्तिसावी जागा आता खरोखर रिकामी आहे. जनीला पाहुण्यांसाठी दुसरं कनेक्शन हवं आहे. तिला दे.

रेहाना हसवारे